बाहेरचें चाक आणि आंतलें चाक

मुंबईहून पुण्यास येणारा जुना रस्ता आणि लोहमार्ग हे देहूरोडपाशीं एकमेकांस अगदीं बिलगून चालतात. एका बाजूस लष्कराचीं कोठारें, पुढें निगडी, आकुर्डी, पिंपरी हा कारखान्यांचा पट्टा आणि पलीकडे चाकण. या ठिकाणीं तासभर रहदारी पाहत उभें राहिलें, तर बैलगाडी एखाददुसरीच दिसेल, आगगाड्या व मोटारी मात्र अखंड दिसतील. या तिन्ही वाहनांस एकाच अडचणीनें गांठलें होतें, आणि तिघांनीं ती तीन वेगवेगळ्या युक्त्यांनीं सोडविली. मुलांच्या शर्यतीची चिमुकली गाडी, जिला जगभर कार्ट म्हणतात, तिनें या तिन्ही युक्त्या नाकारून चौथीच धरली. ही चौथी युक्ति नीट न समजल्यामुळें पुष्कळ मुलांना नसत्या अपराधाबद्दल बोलणीं खावीं लागतात.

चाकास सरळ जाण्याचें कांहींच वाटत नाहीं; पंचाईत होते ती वळणावर. दोन चाकांमध्यें दीड मीटर अंतर असेल, तर गाडी काटकोनांत वळतांना बाहेरच्या चाकास आंतल्यापेक्षां सुमारें २.३६ मीटर अधिक चालावें लागतें. वळण ऐसपैस असो वा आखूड असो, हा फरक तोच राहतो. शाळेंतल्या भूमितीनेंच हें सिद्ध होतें. म्हणून दोन्ही चाकें एकाच आसावर घट्ट बसविलेलीं असलीं, तर वळतांना त्यांपैकीं एकास घसटावेंच लागतें.

बैलगाडीस हा त्रास नाहीं. तिचा कणा स्थिर असतो आणि तुंब्यांत वंगण घातलेलीं चाकें त्यावर आपापल्या मनानें फिरतात. शेताच्या बांधाशीं गाडीवान बैल वळवितो तेव्हां आंतलें चाक जवळजवळ उभें राहतें व बाहेरचें त्याच्याभोंवतीं फेरा घेतें. मात्र येथें ओढणारे बैल आहेत, चाक केवळ गडगडण्याचें काम करतें. चाकानेंच गाडी ढकलावयाची म्हटली कीं ही सोय निरुपयोगी ठरते.

आगगाडीनें उलट केलें. तिचीं चाकें आसावर दाबून कायमचीं बसविलेलीं असतात. खंडाळा ते पुणें हा लोहमार्ग १८५८ सालीं सुरू झाला व १८६३ सालीं बोरघाटाचा चढ पुरा होऊन मुंबई-पुणें सलग जोडलें गेलें. त्या वळणांवळणांच्या घाटांतून ताठ आसाची गाडी गेली कशी? उत्तर चाकाच्या धांवेंत आहे. ती सपाट नसून किंचित निमुळती असते. वीस भागांस एक भाग हा तिचा परिचित उतार. वळणावर चाकांची जोडी बाहेरच्या बाजूस थोडी सरकते, त्यामुळें बाहेरचें चाक आपल्या मोठ्या घेरावर व आंतलें लहान घेरावर चालतें, आणि हिशेब जुळतो. वळण फार आखूड झालें म्हणजे उतार पुरा पडत नाहीं; मग चाकें रुळावर घसटतात आणि किंचाळी ऐकूं येते.

मोटारीपुढें दुहेरी प्रश्न होता. पुढचीं चाकें एकाच कोनांत वळवून भागत नाहीं. आंतल्या चाकास अधिक वळावें लागतें. म्यूनिकचा गाडी बनविणारा लांकेन्सपेर्गर यानें घोडागाडीसाठीं ही रचना काढली, आणि १८१८ सालीं रुडॉल्फ आकरमान यानें इंग्लंडांत तिचें पेटंट घेतलें. आज ती आकरमानच्या नांवानें ओळखली जाते. कल्पना एकाची आणि नांव दुसऱ्याचें, असें यंत्रांच्या इतिहासांत वारंवार घडलें आहे. मागच्या चाकांचा प्रश्न फ्रान्समधील घड्याळजी पेकर यानें १८२८ सालीं सोडविला. त्यानें दांतेरी चक्रांची अशी जुळणी केली कीं, एंजिनाचा जोर दोन्ही चाकांस मिळावा, पण त्यांनीं वेग मात्र आपापला ठेवावा. यासच डिफरन्शियल म्हणतात. १८७७ सालीं कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीनें तीच युक्ति तीनचाकी सायकलीस लावली. शेजारीं बसलेल्या मुलाचे पाय बापापेक्षां जोरकस असल्यामुळें गाडी एका बाजूस ओढ घेऊं लागली, म्हणून स्टार्लीस हें सुचलें, अशी हकीकत सांगतात. आकुर्डीच्या बजाज कारखान्यांत तयार झालेल्या तीनचाकी रिक्षांच्या मागल्या आसांतहि हेंच यंत्र होतें. म्हणूनच पुण्यामुंबईचे रिक्षावाले बोळाच्या तोंडाशीं गाडी जागच्या जागीं फिरवूं शकले.

आतां कार्ट. तिचा जन्म १९५६ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्नियांत झाला. शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कर्टिस क्राफ्ट कारखान्यांतील कारागीर आर्ट इंगल्स यानें मित्र लू बोरेली याच्या साहाय्यानें नळ्यांचा एक सांगाडा जोडला व त्यावर गवत कापण्याच्या यंत्राचें वेस्ट बेंड एंजिन बसविलें. गवत कापणाऱ्या एंजिनावर जगभरची शर्यत उभी राहावी, ही गोष्ट शहाण्या माणसांस आगाऊ सुचणारी नव्हे. पण १९६२ सालीं या खेळाचें आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झालें व १९६४ सालीं पहिली जागतिक स्पर्धा इटलीच्या ग्विदो सालानें जिंकली. मोटार शर्यतींत पुढें अजिंक्य ठरलेला आयर्टन सेना १९७९ व १९८० या दोन्ही वर्षीं कार्टच्या जागतिक स्पर्धेंत दुसरा आला होता. मराठी कानास ‘कार्ट’ हा शब्द ‘कार्टें’ या शब्दाच्या फार जवळचा वाटतो, आणि गाडीचा हट्टी स्वभाव पाहतां तें अगदींच वावगें नाहीं.

प्रारंभींच्या पुष्कळ कार्टांत एंजिन एकाच मागच्या चाकास फिरवी. पुढें दोन्ही चाकांस जोर मिळावा म्हणून ताठ, अखंड आस आला. डिफरन्शियल वजनदार व महाग, म्हणून तें घातलें नाहीं; स्प्रिंगाहि घातल्या नाहींत. म्हणजे आगगाडीचा आस घेतला, पण आगगाडीची निमुळती धांव घेतली नाहीं! मागच्या चाकांत १.१ मीटर अंतर असलेली मुलाची कार्ट पूर्ण उलटी वळते तेव्हां बाहेरच्या चाकास साडेतीन मीटर अधिक जावें लागतें. त्या टायरचा घेर मीटरभराहूनहि कमी; म्हणजे जवळजवळ चार फेऱ्यांचा फरक. तो घसटून भागवावयाचा म्हटलें तर गाडी वळणारच नाहीं. मागचीं दोन्ही चाकें तिला सरळ पुढें ढकलीत राहतील.

येथें चौथी युक्ति येते. वळणावर आंतलें मागचें चाक क्षणभर उचललें जावें, बोटभर उचललें तरी पुरे. हवेंत असलेल्या चाकास जमिनीशीं हिशेब द्यावा लागत नाहीं. हें घडतें पुढच्या चाकांच्या जोरावर. त्यांचा उभा खिळा मागच्या बाजूस कललेला असतो. या कलास कॅस्टर म्हणतात. सुकाणूचें चाक डावीकडे फिरविलें कीं पुढचें डावें चाक सांगाड्याच्या मानानें खालीं दाबलें जातें व उजवें वर जातें. सांगाडा पिळवटतो, भार पुढच्या आंतल्या व मागच्या बाहेरच्या चाकावर येतो आणि मागचें आंतलें चाक सुटतें. नळ्यांचा सांगाडा हीच कार्टची स्प्रिंग आहे.

म्हणूनच मुलाची गाडी ही मोठ्यांच्या गाडीची नुसती लहान प्रत नव्हे. चालक हा कार्टमधील सर्वांत जड भाग असतो, आणि मूल हलकें असल्यामुळें सांगाडा पिळण्यास तें तितकें पुरत नाहीं. यासाठींच मुलांचे सांगाडे आखूड व बारीक नळ्यांचे करतात. खुर्ची कोठें बसवावी हा पहिला प्रश्न. चारी चाकांखालीं तराजू ठेवून मुलास बसवावें व सुमारें ४३ टक्के भार पुढें, ५७ टक्के मागें, येथून आरंभ करावा, असा रिवाज आहे. उंची वाढल्यामुळें मूल मागें रेलून बसूं लागलें, तरी हा मेळ बिघडतो; घरांतली मंडळी मात्र एंजिनास दोष देतात आणि नवें एंजिन घेतात.

गाडी वळणांत शिरतांना नाक बाहेर काढीत असेल, तर आधीं वांकलेला खिळा किंवा झिजलेले टायर पाहावे. तें ठीक असेल तर कॅस्टर वाढवावा, पुढचीं चाकें कड्या घालून थोडीं बाहेर घ्यावीं, अथवा मागचीं चाकें आंत आणावीं. या प्रत्येक उपायानें आंतलें चाक अधिक सुटतें. उलट चाक फारच वेळ हवेंत राहून गाडी उड्या मारीत असेल, तर मागचीं चाकें बाहेर न्यावीं किंवा कॅस्टर कमी करावा. एका वेळीं एकच फेरफार करावा आणि तो वहींत टिपावा. दोन खिळे एकदम फिरविणाऱ्यास गाडी सुधारली तरी कशानें सुधारली हें कळत नाहीं.

यांत मुलाचा हातहि गुंतलेला आहे. सुकाणू फिरविल्यावांचून चाक उचलत नाहीं. म्हणून भीत भीत, थोडें थोडें फिरविणाऱ्या मुलाची गाडी उत्तम जुळणी असूनहि सरळ जाते, आणि चुकीच्या जुळणीची गाडी मुलास तसें भिण्यास शिकविते. मग पोर भित्रें कीं गाडी आडमुठी, हें कड्यावरून पाहणाऱ्या बापास ओरडून ठरवितां येत नाहीं. वळणाच्या मध्यावर उभें राहून मागचें चाक पाहणें, हाच एक मार्ग.

देहूरोडहून पुणें टाळून जाणारा रस्ता कात्रजकडे फुटतो व पुढें कोल्हापुरास पोंचतो. तेथें मोहिते रेसिंग अकॅडमीच्या धांवपट्टीवर कार्टच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या असून, त्यांत मायक्रो मॅक्स या वर्गांत लहान मुलें उतरतात. अशा मैदानीं दुपारीं पावसाची सर आली म्हणजे सकाळची सारी जुळणी फुकट जाते. ओल्या डांबरावर टायरांस पकड नसते, सांगाडा पिळला जात नाहीं आणि चाक खालींच राहतें. मग पुढचीं चाकें आणखी बाहेर, मागचीं आणखी आंत, कॅस्टर आणखी कललेला, अशी धांदल उडते. पाने हातांत घेतलेलीं वडीलमंडळी चिखलांत गुडघे टेकतात, आणि शिरस्त्राण घातलेलें पोर खुर्चींत बसून आपल्या वळणाची वाट पाहत असतें.