बियाण्याचे राखणदार

अकोले तालुक्याच्या भंडारदरा पट्ट्यात घरचे भाताचे बी जपतात. पण बियाण्याबरोबर करप्याची बुरशीही पुढच्या हंगामात जाऊ शकते. तिच्यावर उतारा बुरशीतच सापडला. मातीतली ट्रायकोडर्मा बुरशी रायझोक्टोनिया या रोगकारक बुरशीला वेढून तिच्यावरच जगते, हे 1932 मध्ये रिचर्ड वाइन्डलिंग यांनी दाखवले. हीच रायझोक्टोनिया भातावर पर्णकोष करपा आणते. आज पेरणीआधी बी तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे पोचट दाणे काढतात. उरलेले धुऊन, सावलीत वाळवून किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळतात. सोबत रासायनिक बुरशीनाशक चोळले, तर राखणदारच मरू शकतो. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 ची पद्मश्री गावरान बियाण्यांसाठी मिळाली. काळभातासारखे वाण घरातून गेले, तर दुकानात सहज मिळत नाहीत. म्हणून ही चिमूटभर भुकटी मोलाची.