शेवटच्या रांगेचा हिशेब

स्पीकर ठरवताना पहिला प्रश्न हमखास येतो तो वॅटचा. माझ्या मते तो शेवटी विचारायला हवा. ॲम्प्लिफायर स्पीकरला किती शक्ती पुरवतो, एवढेच वॅट सांगतो. श्रोत्याच्या कानाशी काय पोचते ते त्यातून कळत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज जेमतेम ३ डेसिबलने चढतो. कानाला तो दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. उलट १ वॅटवर १ मीटर अंतरावर ९७ डेसिबल देणारा स्पीकर ९४ वाल्याचे काम निम्म्या वॅटमध्ये करतो. म्हणून माहितीपत्रकात आधी हा आकडा पाहावा, आणि मग प्रसाराचे कोन.

त्याहीआधी मंडप मोजावा. समजा, मैदानावर गायनाची बैठक आहे, श्रोते सतरंजीवर बसणार आहेत, पहिली रांग स्पीकरपासून ४ मीटरवर आणि शेवटची ३२ मीटरवर आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ४ चे ८, ८ चे १६, १६ चे ३२. तीनदा दुप्पट, म्हणजे १८ डेसिबलची दरी. मागून ‘आवाज वाढवा’ अशी ओरड झाली की बटण फिरते, पुढच्यांचे कान बधिर होतात. दरी मात्र तसूभरही बुजत नाही, कारण दोन्ही टोके सारखीच वर चढतात.

ती बुजते उंचीने. स्पीकर श्रोत्यांच्या कानांच्या ४ मीटर वर नेला, तर पहिल्या रांगेचे अंतर सुमारे साडेपाच मीटर होते आणि शेवटच्या रांगेचे होते तेवढेच राहते. फरक १५ डेसिबलवर येतो. आता स्पीकरचे तोंड शेवटच्या रांगेवर रोखावे. त्याचा उभा कोन ६० अंश असेल, तर मध्यरेषेपासून ३० अंशांवर आवाज ६ डेसिबलने पडतो. पहिली रांग या रेषेपासून ३८ अंश खाली, म्हणजे कडेच्याही बाहेर असते. तिथला आवाज आपोआप सौम्य होतो आणि दरी ९ डेसिबलच्या आत येते. हा हिशेब वरच्या वारंवारतांचा. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते. ती एका पेटीच्या कोनाला जुमानत नाही, चहूकडे पसरते. पहिल्या रांगेला शब्द धूसर वाटले, तर व्यासपीठाच्या कडेला दोन लहान स्पीकर ठेवावेत. आणि वर चढवलेल्या प्रत्येक स्पीकरला सुरक्षेची वेगळी तार बांधलेली असलीच पाहिजे. खाली माणसे बसलेली असतात.

उरलेल्या दरीसाठी २० मीटरवरच्या खांबांना लहान स्पीकरांची आणखी एक जोडी लावावी. इथेच बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो. तारेतून संकेत तत्क्षणी पोचतो, पण २५ अंश सेल्सिअसला ध्वनी हवेतून सेकंदाला ३४६ मीटरच जातो. मुख्य स्पीकरचा आवाज २० मीटरवर पोचायला ५८ मिलिसेकंद लागतात, आणि मागे बसलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून मागच्या जोडीला तेवढा उशीर द्यावा, वर आणखी १० ते १५ मिलिसेकंद. ही वरकड कशासाठी? गॉटिंगेनला हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवले, की कान आवाजाची दिशा पहिल्या आलेल्या ध्वनीवरून ठरवतो. ५ ते ३० मिलिसेकंद मागाहून आलेला तोच ध्वनी १० डेसिबलपर्यंत मोठा असला, तरी वेगळा जाणवत नाही. शेजारच्या खांबावरचा स्पीकर शब्द स्पष्ट करतो आणि गाणे मात्र व्यासपीठावरूनच येत राहते. या सगळ्या शास्त्रात मला याहून सुंदर काही वाटत नाही.

एकाच श्रोत्याकडे शेजारीशेजारी दोन स्पीकर रोखणे मात्र टाळावे. दोघांपासूनच्या अंतरात ३४ सेंटिमीटरचा फरक पडला, तरी ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांना खोडतो, आणि गायकाच्या स्वराचा गाभा याच परिसरात असतो. १९९२ साली फ्रान्सच्या एल-अकूस्टिक्सने आणलेल्या व्ही-डॉस्कपासून लाइन ॲरे, म्हणजे एकाखाली एक टांगलेल्या पेट्यांचे संच, रूढ झाले. त्यातल्या पेट्या ही खोडाखोड टाळण्यासाठीच घडवलेल्या असतात. साध्या पेट्या एकावर एक टांगून तो परिणाम मिळत नाही.

व्यासपीठावर शत्रू एकच, शिट्टी. कार्डिऑइड माईक बरोबर मागच्या बाजूने सर्वांत बहिरा असतो, सुपरकार्डिऑइड मात्र मागच्या तिरक्या बाजूंनी, सुमारे १२५ अंशांवर. मॉनिटर, म्हणजे कलाकाराकडे तोंड केलेला स्पीकर, त्या बहिऱ्या दिशेतच ठेवावा. चालू माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. म्हणून निवेदकाचा माईक निवेदन संपताच बंद करावा. स्पीकरमधून घुंई ऐकू येते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणे हा जिवाशी खेळ आहे. ते कुणी करत असेल तर थांबवावे.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या परिसराच्या मर्यादेहून १० डेसिबलपेक्षा जास्त किंवा ७५ डेसिबलच्या वर जाऊ नये. दोहोंपैकी कमी असेल ती मर्यादा. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे हद्दीवर ६५. खांबांवरची जोडी नीट लावली की मुख्य स्पीकर हळू ठेवता येतात, आणि हा आकडा ओढाताण न करता सांभाळता येतो.

इक्वलायझरला हात सर्वांत शेवटी लावावा. आधी जागा, मग झुकाव, मग प्रत्येक स्पीकरचे प्लस-मायनस, मग पातळ्या, मग उशीर. त्यानंतर तंबोरा छेडायला सांगून मंडपभर चालत फिरावे. शेवटच्या रांगेत सतरंजीवर बसून ऐकावे. तिथे जोडीच्या तारा वेगळ्या ऐकू येत नसतील, तर पट्ट्या वरखाली न करता पुन्हा शिडी लावावी आणि झुकाव तपासावा.