मूळ आकृती आणि तिची मालकी

पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या सुट्या भागांची कल्पना संगणकीय आरेखनाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली सादर केलेल्या प्रबंधातील ‘स्केचपॅड’ या प्रणालीत मूळ आकृती एकदाच रेखाटली जाई, चित्रात अन्यत्र तिची केवळ प्रतिरूपे ठेवली जात आणि मूळ आकृतीत केलेला बदल सर्व प्रतिरूपांत आपोआप उमटे. मात्र ही सोय एका यंत्रापुरती आणि एका आरेखकापुरती होती.

१९८२ साली बाजारात आलेल्या ऑटोकॅडमुळे संगणकीय आरेखन वास्तुविशारदांच्या लहान कार्यालयांत पोहोचले. दारे-खिडक्यांसारख्या नित्य लागणाऱ्या आकृत्यांचे ‘ब्लॉक’, म्हणजे एका नावाखाली साठवलेले आकृतिसंच, प्रत्येक नकाशाच्या फाइलीतच राहत असल्याने एका फाइलीतील दुरुस्ती दुसरीपर्यंत जात नसे. १९९० मधील अकराव्या आवृत्तीतील ‘एक्सरेफ’ या सोयीने बाहेरची फाइल नकाशात न मिसळता नुसती जोडून ठेवता येऊ लागली. परंतु ही जोडणी फाइलीचे नाव आणि ठिकाण यांवर अवलंबून असल्याने, एकत्र काम करणाऱ्यांना नामकरणाचे नियम काटेकोरपणे पाळणे भाग पडले.

२००० साली न्यू ऑर्लिन्समध्ये स्थापन झालेल्या टर्बोस्क्विडसारख्या बाजारपेठांतून स्वतंत्र कलाकारांची त्रिमितीय प्रारूपे अनोळखी ग्राहकांना विकली जाऊ लागली, तेव्हा भागाची आवृत्ती कोणती या प्रश्नाला तो वापरण्याचा परवाना कोणता या प्रश्नाची जोड मिळाली. पिक्सारने २०१६ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या ‘यूएसडी’ या दृश्यरचनेच्या स्वरूपात प्रत्येकाचे बदल वेगळ्या थरात ठेवता येतात, त्यामुळे दुसऱ्याच्या मूळ फाइलीला हात लावावा लागत नाही. तरीही कोणाचा थर कोणता एवढेच त्यातून कळते, त्या थरावर हक्क कोणाचा हे ठरत नाही.

तो निर्णय करार आणि कायदा यांनीच होतो. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारी संस्था असते. स्वतंत्र कलाकाराच्या बाबतीत मात्र सर्वसाधारणपणे तो स्वतःच मालक ठरतो आणि हक्काचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशी करावे लागते. त्या लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरताच मानला जातो. म्हणून पुण्या-मुंबईतील एखाद्या स्टुडिओने बाहेरून करवून घेतलेले भाग परदेशी प्रकल्पात वापरायचे असल्यास, निर्माता, आवृत्ती आणि हस्तांतरणाच्या अटी यांची नोंद फाइलीइतकीच जपावी लागते.