प्लेटलेट रिच फायब्रिन व सेंट्रिफ्यूजची गती : एक ऐतिहासिक आढावा

फ्रान्समधील जोसेफ शुक्रून व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या प्लेटलेट रिच फायब्रिनचे (पीआरएफ) वैशिष्ट्य त्याच्या साधेपणात होते. रुग्णाचे रक्त गोठणरोधक न मिसळता लगेच फिरवावयाचे. नळीच्या तळाशी तांबड्या पेशी, वर रक्तद्रव आणि मध्ये फायब्रिनची गुठळी तयार होते. हिरडीची वा जबड्याची जखम भरून येण्यासाठी दंतवैद्य ती वापरतात. २००६ च्या लेखांत मिनिटाला ३००० फेरे व १० मिनिटे असे प्रमाण होते. २७०० फेरे व १२ मिनिटे हेही रूढ झाले. २०१४ मध्ये शाहराम घनाती व सहकाऱ्यांनी गती १५०० वर आणून अवधी १४ मिनिटे केला, तेव्हा पांढऱ्या पेशी गुठळीत अधिक दूरवर पसरलेल्या आढळल्या. वेग वाढला की त्या तांबड्या थराकडे ढकलल्या जातात.

मात्र उणीव या आकड्यांतच आहे. पेशींवरील बल फेऱ्यांच्या वर्गाच्या व त्रिज्येच्या प्रमाणात असते. २७०० फेऱ्यांना ८ सेंमी त्रिज्येवर ते गुरुत्वाच्या सुमारे ६५० पट, तर १२ सेंमीवर सुमारे ९८० पट भरते. अनेक जुन्या निबंधांत त्रिज्या दिलेलीच नाही. मग तुलना कशाची करावयाची?

जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगरी तालुक्यांच्या दृष्टीने हा तपशील गौण नाही. गोठणरोधकाविना रक्त काही मिनिटांतच गोठू लागते. ते नाशिकला वा ठाण्याला पाठवून चालत नाही. यंत्र रुग्णाजवळच हवे, आणि त्याची त्रिज्या मोजल्याविना निबंधातील फेऱ्यांचा आकडा त्याला लावता येत नाही.