आत्याची आगोट

रोह्याच्या आत्याची आगोटीची तयारी मे संपायच्या आत उरकते. कौले चाळायची, लाकडे पडवीत रचायची, आणि रेशनकार्ड डब्यात घालून माळ्यावर! जुलै १९८९मध्ये अंबा नदी नागोठण्यात शिरली, तेव्हापासूनचा हा डबा.

३ जून २०२०ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ येणार म्हणून पेणला मी सामानाची यादी करत होतो. (यादी सुबक झाली.) आत्याने फोनवर एवढेच विचारले, “कंदिलाची काच पुसलीस का रे?”

दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले, ताशी १००हून अधिक किलोमीटरच्या वाऱ्याने. आमच्याकडेही पत्रे पतंगासारखे उडू लागले. कौले सावरायला मी शिडी लावली, तर हिने शिडीच ओढून घेतली. “कौलं बाजारात मिळतात!”

दारे लावून बसलो. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. मेणबत्त्या दुसऱ्याच रात्री संपल्या. कंदील सापडला, काच काजळलेलीच होती.