आधी नाकावरचा दोर, मग तोंडातले लोखंड: कॅलिफोर्नियाच्या व्हाकेरोंची लगामविद्या

१/ घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीचा एक भाग दातांविना मोकळा असतो. लगामाचे कडियाळे, म्हणजे तोंडात जाणारा धातूचा भाग, नेमके तेथे बसते. ही नाजूक जागा वारंवार दुखावली की ती बधिर होते आणि घोडा हलक्या इशाऱ्याला दाद देईनासा होतो.

२/ कडियाळे कोणते निवडावे हा प्रश्न म्हणूनच फार जुना आहे. इ. स. पू. चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वारोहणावरील ग्रंथात स्वाराजवळ निदान दोन कडियाळी असावीत असे सांगितले: एक गुळगुळीत, दुसरे काटेरी. काटेरी कडियाळ्याने घोड्याला शिस्त लागावी आणि नंतर गुळगुळीत मिळाले की तो सुखावावा, असा त्याचा विचार होता.

३/ स्पॅनिश कॅलिफोर्नियात हा क्रम उलटा झाला. १७६९ मध्ये सान दिएगो येथे स्पॅनिश छावणी आणि मिशन उभे राहिले. पुढे गुरांचे कळप वाढले आणि ते राखणारे घोडेस्वार गुराखी, म्हणजे व्हाकेरो, तयार झाले. त्यांत तेथील मूळ रहिवासी मोठ्या संख्येने होते. एका हातात कच्च्या चामड्याचा फास, दुसऱ्यात लगाम. घोडा बोटांच्या हालचालीवर वळला नाही, तर काम अडे आणि जीवही धोक्यात येई.

४/ असा घोडा घडवण्याची सुरुवात कडियाळ्याविना होई. नाकावर विणलेल्या चामड्याचे कडे आणि हनुवटीखाली बांधलेला घोड्याच्या केसांचा दोर, एवढेच साधन. त्याचे नाव हाकिमा. हा स्पॅनिश शब्द अरबी ‘शकीमा’वरून आला. आजचा ‘हॅकमोर’ हे त्याचेच इंग्रजी रूप.

५/ कारण व्यावहारिक होते. घोड्याचे दुधाचे दात साधारण अडीच वर्षांपासून पडू लागतात आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास कायमचे दात पूर्ण येतात. त्या दुखऱ्या काळात तोंडाला हात न लावता शिकवता येई.

६/ नंतर तोंडात कडियाळे येई, पण नाकावरचे बारीक कडे तसेच राही. स्वार दोन्ही दोर एकत्र धरी आणि इशारा हळूहळू नाकावरून कडियाळ्याकडे नेई. या साऱ्याला काही वर्षे लागत.

७/ शेवटचे कडियाळे दिसायला भयंकर: मधोमध उभी, टाळूकडे जाणारी पसरट पट्टी आणि तांब्याची फिरती चाके. अडाणी हाताने ओढले, तर तोंड रक्तबंबाळ व्हावे. परंतु ते ओढण्यासाठी नव्हतेच. शिकलेला घोडा ते जिभेवर तोलून धरी. सैल लगामाचे वजन किंचित सरकले, तरी त्याला अर्थ कळे.

८/ १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले. १८६२ ते १८६४ च्या दुष्काळात असंख्य गुरे मेली आणि मोठी कुरणे मोडली. एका घोड्यावर वर्षे खर्च करण्याची ऐपत त्यांच्याबरोबर गेली. तरी नेवाडा आणि पूर्व ओरेगॉनमधील ‘बकरू’ गुराख्यांनी ही पद्धत जपली. ‘बकरू’ हे नावही ‘व्हाकेरो’चेच अपभ्रष्ट रूप.

९/ म्हणून संग्रहालयातले असे कडियाळे पाहून त्याला छळाचे हत्यार ठरवण्यापूर्वी, त्याच्याआधी घोड्याच्या नाकावर काही वर्षे नुसता दोर होता, हे लक्षात घ्यावे.