इन्डाइट

इन्डाइट हे इंग्रजीतील आता मागे पडलेले क्रियापद असून पत्र, काव्य किंवा भाषण यांची शब्दरचना करणे, मजकूर लिहून काढणे, तसेच जुन्या वापरात तो दुसऱ्याला सांगून लिहवून घेणे, असे त्याचे अर्थ होत. आजचे कोश त्यावर ‘जुना’ किंवा ‘साहित्यिक’ अशी खूण करतात. नव्या लेखनात ते आढळले, तर बहुधा थट्टेने.

लॅटिनमध्ये डीकेरे म्हणजे सांगणे आणि डिक्टारे हे त्याचे पौनःपुन्यदर्शक रूप, म्हणजे पुन्हापुन्हा सांगणे व त्यावरून लेखनिकाला मजकूर सांगणे. रोममध्ये ग्रंथकार पुष्कळदा बोलत आणि लेखनिक उतरवून घेत. सिसेरोसाठी हे काम त्याचा गुलाम आणि पुढे मुक्त झालेला चिटणीस टिरो करी. त्यामुळे उत्तरकालीन लॅटिनमध्ये डिक्टारेला ‘रचणे’ हाच अर्थ चिकटला, मध्ययुगात पत्रलेखनाच्या शास्त्राला आर्स डिक्टामिनिस हे नाव पडले, आणि काव्य करणे या अर्थाचे जर्मन डिश्टेन हेही त्यातूनच आले. डीकेरे आणि संस्कृतातील दिश् (दाखवणे) या धातूंचे मूळ एकच असल्याने आदेश, निर्देश हे शब्द या क्रियापदाचे दूरचे नातलग ठरतात.

इन् हा उपसर्ग लागलेले रूप जुन्या फ्रेंचमधील एन्दितेरमार्गे इंग्रजीत आले. चौदाव्या शतकात चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत तरुण स्क्वायरच्या अंगच्या कलांमध्ये याच क्रियापदाने रचनाकौशल्य मोजले आहे. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये 45 व्या स्तोत्राच्या आरंभी हृदयाला या क्रियापदाचा कर्ता केले आहे. तेथील हिब्रू शब्दाचा अर्थ ‘उकळणे’ असल्याची समासटीप पाहता भाषांतरकारांनी उकळत्या हृदयाच्या हाती लेखणी दिली असे म्हणावे लागते. स्तोत्रातील हे शब्द तोवर परिचित झालेलेच होते, आणि 1727 मध्ये राणी कॅरोलाइनच्या राज्याभिषेकासाठी हँडेलने रचलेल्या गीताचे शीर्षकही त्यांवरूनच आहे.

रीतसर आरोप ठेवणे या अर्थाचे कायद्यातील इन्डाइट मुळात हेच क्रियापद होय, कारण आरोपपत्र हेही रचून लिहावे लागते. सतराव्या शतकात लॅटिनच्या ओढीने कायद्यातील शब्दात ‘सी’ हे अक्षर घालण्यात आले, मात्र उच्चार जुनाच राहिला. या अर्धवट दुरुस्तीमुळे कवी आणि फिर्यादी यांची क्रियापदे कानाला सारखी, डोळ्यांना वेगळी झाली. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये दाईच्या शब्दांच्या घोटाळ्याची नक्कल करताना बेन्व्होलिओ ‘आमंत्रण देणे’ याऐवजी मुद्दाम हेच क्रियापद वापरतो.